कॅप्टन जेम्स फॉर्सिथ आणि त्यांची बंदूक

फाल्गुन सरत आला म्हणजे नागपूरच्या आसमंतातील रानांत मोहाची फुले गळू लागतात. पहाट फुटण्यापूर्वीच गोंड स्त्रिया टोपल्या घेऊन झाडांखाली जातात. आणि पुष्कळदा असे घडते की, त्यांच्या आधीच कोणी दुसरे त्या गोड फुलांवर ताव मारीत बसलेले असते. काळोखात काळे अस्वल दिसत नाही. अस्वलासही माणूस लवकर दिसत नाही, कारण त्याची दृष्टी व श्रवणशक्ती मंद असून त्याची सारी भिस्त नाकावर असते. दोघांची गाठ अकस्मात पडली म्हणजे ते भयभीत जनावर चवताळून अंगावर येते, आणि त्याच्या लांब नखांचे घाव बहुधा माणसाच्या चेहऱ्यावर व मस्तकावर बसतात. विदर्भातील खेड्यांत अशा रीतीने जायबंदी झालेली माणसे आजही आढळतात.

सुमारे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी याच रानांत एक तरुण इंग्रज अधिकारी हिंडत होता. अस्वल, वाघ, गवा यांसारख्या बलाढ्य जनावरांसमोर उभे राहताना हाती कोणते हत्यार असावे, त्याची नळी कशी असावी, गोळी केवढी असावी, दारू किती असावी, याचा त्याने जितका बारकाईने विचार केला तितका त्या काळी फार थोड्यांनी केला असेल. त्याचे नाव कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. ज्या शहरात आपण शिकतो ते नागपूर त्याच्या प्रांताची राजधानी होते. सबब या गृहस्थाचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, या हेतूने पुढील चार शब्द लिहिले आहेत.

जेम्स फॉर्सिथ यांचा जन्म १८३८ साली झाला. विलायतेत शिक्षण घेऊन ते हिंदुस्थानात आले आणि बंगालच्या लष्करी अधिकारीवर्गात दाखल झाले. त्या काळी लष्करी अधिकाऱ्यांस मुलकी कामावर नेमण्याची पद्धत सर्रास होती, आणि फॉर्सिथ यांचे खरे आयुष्य कवायतीच्या मैदानावर न जाता डोंगरांत, खेड्यांत व कचेरीच्या तंबूत गेले. नागपूरचे भोसल्यांचे राज्य तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यानंतर खालसा झाले होते. १८६१ साली तो मुलूख आणि सागर व नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्यप्रांत निर्माण करण्यात आला, आणि त्याचे मुख्य ठाणे नागपूर ठरले. पुढल्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल या उद्योगी गृहस्थांकडे मुख्य आयुक्ताचा अधिकार आला. नवा प्रांत, अपुरे नकाशे, मोजणी न झालेली जमीन आणि कोणी न गणलेली जंगले, अशी तेव्हाची स्थिती होती. अशा स्थितीत चोवीस वर्षांच्या तरुणास जे काम मिळाले ते वयाच्या मानाने मोठे होते. जंगलखात्याचे संरक्षक कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखाली त्यांची नेमणूक झाली, आणि सातपुड्याची रांग पायांखाली घालून तेथील वृक्षसंपत्तीचा अंदाज करण्याची जबाबदारी त्यांजवर पडली.

ही जबाबदारी किती निकडीची होती हे समजण्यासाठी त्या काळचा रेल्वेचा विस्तार लक्षात घेतला पाहिजे. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला आणि दुसरी शाखा १८७० साली जबलपुरास जाऊन मिळाली. रुळांखाली घालावयाच्या लाकडांसाठी मक्तेदार साग व साल यांची झाडे बेसुमार तोडीत होते, आणि तोडलेल्यांपैकी पुष्कळशी जागच्या जागी कुजत पडत होती. काही जंगले सरकारने राखली नाहीत तर एका पिढीत डोंगर उघडे पडतील, हे फॉर्सिथ व त्यांचे सहकारी यांनी ओळखले. पचमढीच्या पायथ्याशी असलेले बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले. हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या राखीव वनांत त्याची गणना होते.

१८६२ च्या जानेवारीत फॉर्सिथ पचमढीचा डोंगर चढून गेले. पचमढी त्यांनी शोधून काढली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते, परंतु ते खरे मानता येत नाही. तेथे कोरकू व गोंड लोक पिढ्यान् पिढ्या नांदत होते, आणि महादेवाच्या दर्शनास यात्रेकरू दूरदुरून येत असत. आजही नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीस व महाशिवरात्रीस चौरागडावर विदर्भातून सहस्रावधी मराठी भाविक जातात. शिवाय १८५८ साली तात्या टोपे याच मुलखातून गेले होते, व त्यांस साहाय्य केल्याबद्दल या बाजूच्या काही वतनदारांस कठोर शासन भोगावे लागले होते. फॉर्सिथ यांनी केले ते इतकेच की, तेथे मुक्काम ठोकून त्यांनी गोंड व कोरकू मजुरांच्या हातून एक बंगला उभारला. तो पुढे 'बायसन लॉज', म्हणजे गव्याची कोठी, या नावाने प्रसिद्ध झाला.

या बंगल्यात राहून त्यांनी केवळ झाडे मोजली असे नाही. देनवा नदीच्या खोऱ्यात सालवृक्षांचे एक एकाकी रान आहे. सालाचा मुख्य प्रदेश तेथून पुष्कळ दूर पूर्वेस असताना हा तुकडा मध्येच कसा राहिला, आणि पूर्वेकडच्या रानांत आढळणारे बारशिंगे व तांबडे रानकोंबडे याच तुकड्यात कसे आढळतात, असा प्रश्न त्यांना पडला. झाड, पक्षी व पशू हे एकमेकांच्या आधारे जगतात, ही गोष्ट त्यांनी पुस्तकांतून न शिकता रानात पाहिली. १८६२ पासून १८६४ पर्यंत त्यांनी प्रांताचा मोठा भाग पायी, घोड्यावर व हत्तीवरून पालथा घातला आणि नर्मदेचा उगम जेथे होतो त्या अमरकंटकापर्यंत ते जाऊन पोहोचले.

आता त्यांच्या बंदुकीकडे वळू. त्या काळी शिकार हा साहेबलोकांचा विरंगुळा होता हे खरेच. परंतु जंगलखात्याच्या अधिकाऱ्यास ती कामाचाच एक भाग होऊन बसे. वाघ, बिबटे व अस्वले मारणाऱ्यास सरकार इनाम देत असे. बैतूल जिल्ह्यात एका नरभक्षक वाघाने असा उच्छाद मांडला होता की, त्याने शंभराहून अधिक माणसे खाल्ली असे लोक सांगत, आणि वाटा ओस पडल्या होत्या. पायाची शीर दुखावलेली असताना हत्तीवर बसून फॉर्सिथ त्याच्या मागावर गेले आणि अखेर त्यांनी त्याचा शेवट केला. अशा प्रसंगी हत्यार दगा देईल तर त्याचे फळ केवळ शिकाऱ्यासच भोगावे लागत नाही. नुसती जखमी झालेली वाघीण किंवा अस्वल झाडीत शिरले, आणि साहेबांचा तंबू दुसऱ्या दिवशी हलला, तर पुढे त्या वाटेने लाकडे आणावयास जाणाऱ्या गरीब माणसाचे काय? वेदनेने पिसाळलेले जनावर त्याची वाट पाहत असते. तेव्हा चुकलेली गोळी ही चुकणाऱ्यापुरती राहत नाही, हे ध्यानी घेतल्यावाचून फॉर्सिथ यांच्या पुढील परिश्रमांचे मर्म कळणार नाही.

बंदुकीसंबंधी थोडी माहिती येथे दिली पाहिजे. त्या वेळच्या बहुतेक बंदुका ठासणीच्या असत. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू व मग गोळी घालून गजाने ठासावी लागे. बंदुकीचे माप 'बोअर' या शब्दाने सांगत. एक पौंड शिशाच्या सारख्या चौदा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती चौदा बोअरची. अशी एक गोळी सुमारे पावणेतीन तोळे वजनाची आणि पाऊण इंचास किंचित कमी व्यासाची होते. बोअरचा आकडा जितका लहान तितकी गोळी मोठी, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीस मात्र आतून मळसूत्रासारख्या खाचा पाडलेल्या असतात. त्यांच्या योगाने गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, आणि फिरणारा भोवरा जसा तोल सांभाळतो तशी ती आपली दिशा सांभाळते.

फॉर्सिथ यांच्या वेळी रायफलीची विद्या झपाट्याने पुढे जात होती. पण तिचे लक्ष लष्कराच्या गरजांकडे होते. सैनिकास पाचशे, हजार यार्डांवरील शत्रूवर नेम धरावयाचा असतो. त्यासाठी लांबट गोळी, अरुंद नळी व जलद पीळ उपयोगी पडतो. विलायतेतील कारागीर शिकाऱ्यासही त्याच जातीची हत्यारे विकू लागले, आणि शिकारीही दूरचा निशाणा साधणारी बंदूक ती उत्तम बंदूक असे समजू लागले. फॉर्सिथ यांनी मात्र प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला. आपल्या रानात जनावर किती अंतरावर दिसते? सातपुड्याच्या झाडीत शंभर-दीडशे यार्डांपलीकडे गोळी टाकण्याचा प्रसंग क्वचित येतो, आणि पुष्कळदा तर पन्नास यार्डांच्या आतच सामना होतो. मग नेम चुकतो तो कशाने? त्यांच्या ध्यानात आले की, अंतराचा अंदाज चुकल्याने तो चुकतो. उंचसखल भूमी, उन्हाची तिरीप, गवताची उंची आणि शिकाऱ्याच्या छातीतील धडधड यांमुळे शंभराचे एकशेतीस आणि एकशेतीसाचे शंभर यार्ड वाटतात. हा दोष डोळ्यांचा आहे, आणि कोणताही मनुष्य त्यापासून सर्वथा मुक्त नाही.

हा दोष बंदुकीने कसा झाकावा, याचे उत्तर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस गणिताने काढता येईल. नळीतून सुटलेली गोळी पृथ्वीच्या आकर्षणाने क्षणोक्षणी खाली येत असते. पहिल्या सेकंदात कोणतीही वस्तू सुमारे सोळा फूट पडते. हवेचा अडथळा हिशेबासाठी बाजूस ठेवू. एका बंदुकीची गोळी सेकंदास १००० फूट जाते, दुसरीची १५०० फूट. दोन्हींचा नेम शंभर यार्डांसाठी बसविला आहे, आणि जनावर प्रत्यक्षात १३० यार्डांवर आहे. गणित केले म्हणजे असे दिसते की, पहिलीची गोळी इच्छिल्या जागेच्या सुमारे सात इंच खाली लागेल, आणि दुसरीची अवघी तीन इंच खाली. अस्वलाच्या बाबतीत सात इंच म्हणजे काळजाऐवजी पाय मोडणे, अथवा पोटाखालच्या केसांतून गोळी निसटणे. तीन इंचांचा फरक पडला तरी घाव बहुधा मर्मस्थानीच बसतो. गोळी वेगाने गेली म्हणजे तिचा मार्ग सपाट होतो, आणि सपाट मार्ग माणसाच्या चुकीस क्षमा करतो. फॉर्सिथ यांच्या सर्व विवेचनाचा गाभा हाच आहे.

परंतु वेग वाढविण्यासाठी दारू वाढवावी तर दुसरीच अडचण उभी राही. प्रचलित रायफलींचा पीळ जलद असे; तीन-चार फुटांतच एक पुरा फेरा. दारूचा जोर वाढला की मऊ शिशाची गोळी त्या खाचांना धरून न फिरता त्यांवरून सरळ खरडत निघून जाई, आणि मग ती कोठे जाईल याचा भरवसा नसे. फॉर्सिथ यांनी अनेक प्रयोग करून असे ठरविले की, वाटोळ्या गोळीस स्थिर राहण्यासाठी इतक्या पिळाची गरजच नाही. चौदा बोअरच्या नळीस त्यांनी साडेआठ फुटांहून किंचित अधिक लांबीत एक फेरा, इतका सौम्य पीळ सुचविला. दोन-सव्वादोन फुटांच्या नळीत म्हणजे गोळी जेमतेम पाव फेराच घेते. खाचा उथळ ठेवाव्या, गोळीभोवती चरबी लावलेली कापडाची चिंधी असावी, आणि दारू भरपूर घालावी. म्हणजे गोळी खरडत नाही, वेग वाढतो आणि शंभर-दीडशे यार्डांपर्यंत नेम फारसा बदलावा लागत नाही. आजही जुन्या तऱ्हेच्या ठासणीच्या रायफली हौसेने बनविणारे पाश्चात्त्य कारागीर अशा सौम्य पिळास फॉर्सिथ यांच्याच नावाने ओळखतात.

हे सर्व त्यांनी शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवरील एका लहानशा इंग्रजी ग्रंथात मांडले. तो लिहिला तेव्हा त्यांनी वयाची पंचविशी जेमतेम गाठली होती. १८६७ साली त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. बंदुकीच्या इतिहासात याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ प्रसिद्ध आहेत. ते स्कॉटलंडातील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्सिथ. ठिणगीऐवजी आघाताने पेट घेणाऱ्या द्रव्याने बंदूक उडविण्याची युक्ती त्यांनी काढली व १८०७ साली तिची सनद मिळविली. ते निराळे, आणि आपले चरित्रनायक निराळे.

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याची कल्पनाही त्या काळी अज्ञात नव्हती. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात निवडक नेमबाज दुर्बिणी लावलेल्या रायफली वापरीत, आणि मुंबईच्या फौजेत चाकरी केलेल्या डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने अशा दुर्बिणीवर बरेच परिश्रम केले होते. तथापि सातपुड्याच्या दाट रानात तिचा उपयोग थोडा होता. दुर्बिणीतून दूरचे जवळ दिसते, पण आजूबाजूचे दिसेनासे होते. तीस यार्डांवर अस्वल अंगावर धावून येत असताना काचेत नुसते काळे केस दिसून भागत नाही. शिवाय तेव्हाच्या दुर्बिणीत प्रकाश कमी शिरे, आणि अस्वलाची वेळ म्हणजे नेमकी पहाट व सायंकाळ. उघड्या डोळ्यांनी, नळीच्या टोकावरची माशी चटकन जुळविता येईल अशी साधी रचनाच तेथे बरी.

अस्वलासाठी हत्याराची निवड करताना आणखी एक गोष्ट पाहावी लागे. या जनावराचे केस इतके लांब व झुबकेदार असतात की, ते आहे त्याहून पुष्कळ मोठे दिसते. केसांच्या आकृतीच्या मध्यावर नेम धरणारा शिकारी शरीराच्या मध्यावर नेम धरीतच नाही. छातीवरील पांढुरका, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा पट्टा हीच काय ती खूण. आणि ती अस्वल समोर उभे राहिल्यावरच दिसते. म्हणून जड गोळी, सपाट मार्ग, एक बार चुकल्यास तत्काळ दुसरा काढता यावा यासाठी दुनळी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खात्री वाटेपर्यंत चाप न ओढण्याचा संयम, हे सारे एकत्र आले तरच ती निवड योग्य म्हणावयाची. पहिल्या तीन गोष्टी कारागीर देतो. चौथी शिकाऱ्याने घरूनच आणावी लागते.

पुढे फॉर्सिथ यांची नेमणूक निमाड जिल्ह्यात जमाबंदीच्या कामावर व नंतर उपायुक्ताच्या पदावर झाली. बऱ्हाणपूर व असीरगड यांचा हा मुलूख एके काळी भरभराटीचा होता, परंतु लढाया व लूट यांनी उजाड झाला होता. शेताशेतांतून हिंडून कोणाची जमीन किती, तिचा कस कसा, शेतसारा किती असावा, हे ठरविण्याचे काम शिकारीहून पुष्कळ कंटाळवाणे. पण लक्षावधी लोकांची भाकर त्यावर अवलंबून होती. ते त्यांनी नेटाने पार पाडले. याच धावपळीत त्यांनी मध्य हिंदुस्थानातील डोंगरी प्रदेश, तेथील जंगले, रानटी म्हणून गणले गेलेले लोक, पशुपक्षी व शिकार यांवरील आपला मोठा ग्रंथ लिहून काढला. तो छापून प्रसिद्ध होण्यापूर्वीच १ मे १८७१ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला, आणि या प्रांतासंबंधी लिहिणाऱ्या प्रत्येकास त्यानंतर तो चाळावाच लागला.

चरित्रनायकाचे दोष झाकणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. फॉर्सिथ हे राज्यकर्त्यांपैकी एक होते, आणि त्यांच्या लेखनात राज्यकर्त्यांची दृष्टी जागोजागी दिसते. ज्या गोंड व कोरकू वाटाड्यांच्या डोळ्यांवर आणि पायांवर त्यांची प्रत्येक मोहीम उभी होती त्यांच्याविषयी त्यांना आपुलकी होती. पण बरोबरीचा भाव नव्हता. झाडे जाळून त्या राखेत पेरणी करण्याची त्या लोकांची पद्धत जंगलांस घातक आहे असे त्यांचे मत होते. मक्तेदारांच्या कुऱ्हाडीसही ते दोष देत. परंतु जंगले राखीव झाली तेव्हा मक्तेदाराचा फक्त धंदा गेला, आणि गोंडाचे घरच गेले. त्यांनी स्वतः मारलेल्या जनावरांची संख्याही आज वाचताना मन खिन्न करते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगी आहे. नेम चुकू नये, जनावराने तळमळत मरू नये, यासाठी त्यांनी बंदूक सुधारली. त्यांच्या मागून इतरांनी ती आणखी सुधारली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न होणारी दारू निघाली, लहान व्यासाची अतिवेगवान गोळी आली, पाठोपाठ काडतुसे भरणाऱ्या रायफली आल्या, आणि काही वर्षांतच फॉर्सिथ यांची वाटोळी गोळी पदार्थसंग्रहालयात जाऊन बसली. नेम चुकेनासा झाला, आणि रान रिकामे होऊ लागले. त्यांनी ज्यांचे मोठाले कळप पाहिले त्या बारशिंग्यांपैकी कान्हा येथे १९७० साली अवघे ६६ उरले होते. उत्तम हत्यार चांगल्या हाती पडले तर जनावराच्या वेदना कमी करते. पण ते हत्यार सर्वांच्या हाती पडते, आणि सर्वांनी आपला संयम घरून आणलेला असतोच असे नाही.

१९७२ साली भारत सरकारने वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला. अस्वलास त्यात कडक संरक्षण मिळाले असून हौसेखातर त्याची शिकार करणे हा आता गंभीर गुन्हा आहे. अमेरिका, कॅनडा, रशिया व युरोपातील काही देशांत परवाना घेऊन अस्वलाची शिकार करता येते. तेथील शिकाऱ्यांपुढे कोणती रायफल व कोणती दुर्बीण हा प्रश्न अजून उभा राहतो. आणि त्यांचे अनुभवी लोक देतात ते उत्तर मूळ तत्त्वांत फॉर्सिथ यांच्याच उत्तरासारखे असते. गोळी जड असावी. झाडीत दुर्बीण कमी शक्तीची व रुंद दृष्टीची असावी. आणि आपल्याला जितके अंतर पक्के साधते त्यापलीकडे बार टाकू नये. आपल्या देशात मात्र अस्वल गावात किंवा विहिरीत सापडले म्हणजे वनखात्याची माणसे व पशुवैद्य बेशुद्ध करणारे औषध सुईच्या नळकांड्यातून बंदुकीनेच सोडतात. तेथेही अंतराचा अंदाज चुकून चालत नाही. जनावराच्या वजनाप्रमाणे औषधाची मात्रा आणि अंतराप्रमाणे दाब ठरवावा लागतो. जास्त झाले तर जनावर दगावते, कमी झाले तर माणूस. फॉर्सिथ यांनी सोडविलेले गणित बदललेल्या हेतूने आजही सोडवावे लागते आहे.

देनवेच्या ज्या खोऱ्यात त्यांनी सालाचा एकाकी तुकडा पाहिला ते खोरे आज सातपुडा व्याघ्रप्रकल्पात आहे. तेथून नाहीसे झालेले बारशिंगे अलीकडच्या वर्षांत कान्ह्याहून आणून पुन्हा त्या बाजूच्या रानात सोडण्यात आले आहेत. मोहाच्या दिवसांत अस्वलीण आपली पिले पाठीवर घेऊन तेथे हिंडते, आणि पचमढीस सहलीला गेलेली नागपूरची मुले डोंगरावरून तीच रांग पाहतात.

विद्यार्थीमित्रहो, आपल्यापैकी कोणास रायफल निवडण्याचा प्रसंग बहुधा येणार नाही, आणि न आलेलाच बरा. परंतु लेखणी, यंत्र, औषध, पैसा व अधिकार हीही हत्यारेच आहेत, आणि त्यांतील एखादे आपल्या हाती नक्की येईल. ते घेताना आपल्या दृष्टीचा अंदाज कोठे चुकतो हे आधी मान्य करावे, आणि चूक झालीच तर तिचा घाव कोणास सोसावा लागेल याचा विचार करावा. तेहतीस वर्षांच्या आयुष्यात कॅप्टन फॉर्सिथ यांनी हे एवढे उमजून घेतले. आपल्या गोळीमागून पुढे किती गोळ्या येतील हे मात्र त्यांना दिसले नाही. ते पाहणे मागाहून जन्मलेल्यांचे, म्हणजे आपले, काम आहे.